न हरण्याचा हक्क

वीस षटकांच्या खेळाला क्रिकेट म्हणावे किंवा नाही, हा वाद आता शिळा झाला आहे. इंग्लंडमधील काउंटी संघांनी २००३ साली, ओस पडू लागलेल्या प्रेक्षागारांवर उपाय म्हणून, हा प्रकार प्रथम खेळून पाहिला. २००७ साली भारताने जोहान्सबर्ग येथे पाकिस्तानला पाच धावांनी हरवून त्याचे पहिले विश्वविजेतेपद मिळविले. १८ एप्रिल २००८ रोजी बंगळूर येथे इंडियन प्रीमियर लीगचा पहिला सामना झाला, आणि त्या रात्री ब्रेंडन मॅकलम याने एकट्याने नाबाद १५८ धावा केल्या. तेव्हापासून आपल्याकडील रसिकांत दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, हा खेळ नव्हे, हा तमाशा आहे. (तमाशा हा शब्द असा निंदेने वापरणाऱ्यांनी तमाशा सहसा पाहिलेला नसतो. उभे राहून रात्र रंगवावयाची तर तेथेही रियाज लागतोच.) दुसरा तट म्हणतो, पाच दिवस चालून ज्याचा निकाल लागत नाही तो खेळ नव्हे, ती सरकारी कचेरी आहे. आमच्या बाररूममध्ये या दोन्ही तटांचे कैवारी आहेत, आणि दोन्हींकडचा युक्तिवाद ऐकून ऐकून मला असे वाटू लागले आहे की, मूळ मुद्दा अद्याप कोणी मांडलेलाच नाही.

जुन्या रसिकांचा पहिला मुद्दा शुद्धतेचा. क्रिकेटचे मूळ रूप पाच दिवसांचे. बाकी सारा भ्रष्टाचार. हा मुद्दा टिकणारा नाही. क्रिकेटला मूळ रूप असे काही राहिलेलेच नाही. एका षटकात किती चेंडू असावेत ही साधी गोष्ट घ्या. इंग्लंडात १८८९ पर्यंत चार चेंडूंचे षटक होते, पुढे १९०० पर्यंत पाचांचे, आणि त्यानंतर सहांचे. ऑस्ट्रेलियात तर १९७८-७९ च्या हंगामापर्यंत आठ चेंडूंचे षटक टाकीत असत. मर्यादित षटकांचे क्रिकेट तरी काल-परवाचे आहे काय? काउंटी संघांची जिलेट चषकाची स्पर्धा १९६३ साली सुरू झाली तेव्हा एका डावाला ६५ षटके दिली होती. आणि पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना, जो ५ जानेवारी १९७१ रोजी मेलबर्न येथे झाला, तो तर निव्वळ पावसाचे अपत्य. कसोटीचे पहिले तीन दिवस पाण्यात गेले, तेव्हा प्रेक्षकांची निराशा होऊ नये म्हणून एका दिवसाचा सामना योजण्यात आला. परंपरेचा दाखला देणाऱ्याने तिची जन्मपत्रिका पाहिलेली असावी, एवढेच माझे म्हणणे.

दुसरा मुद्दा तरुणांचा, आणि तो पुष्कळ वजनदार आहे. ते विचारतात, पाच दिवस आहेत कोणाजवळ? रोजंदारीवरच्या माणसाजवळ नव्हते, गिरणीतल्या पाळीवर जाणाऱ्याजवळ नव्हते, आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक जिच्या माथी होता त्या गृहिणीजवळ तर कधीच नव्हते. कसोटीचा सबंध आस्वाद घेणारा रसिक म्हणजे ज्याला रजा मिळते असा रसिक. हे खरे आहे, आणि याला जुन्या मंडळींपाशी उत्तर नाही. रेडिओने ही उणीव काही अंशी भरून काढली होती, बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन दुकानांत आणि माजघरांत पोचत होते आणि काम करता करता ऐकता येत होते. पण मैदानावर सहकुटुंब जाऊन, संध्याकाळच्या तीन-साडेतीन तासांत एक संपूर्ण सामना पाहून घरी परतता येणे, ही सोय या नव्या प्रकारानेच केली. हा आनंद हलका आहे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाऊन येथे अंतिम सामन्याच्या शेवटच्या षटकात सूर्यकुमार यादव यांनी सीमारेषेवर घेतलेला झेल ज्याने पाहिला, तो त्या खेळाला कौशल्यहीन म्हणणार नाही.

तेव्हा लांबी हा प्रश्न नव्हे. सामना पाच दिवस चालावा की तीन तास, याने नीतीचा काही प्रश्न उद्भवत नाही. आमच्या गोव्याच्या वाचकांना हे लगेच पटेल. फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा, वीस षटकांच्या क्रिकेटच्या निम्म्याहूनही कमी. पण साखळी सामन्यात बरोबरी झाली तर दोन्ही संघांना एकेक गुण मिळतो. बलाढ्य संघासमोर दुबळ्या संघाने नव्वद मिनिटे आपला गोल राखला, तर ते लोक मान खाली घालून घरी जात नाहीत. म्हणजे खेळ अल्पकालीन असूनही न हरलेल्याला तेथे जागा आहे. मग क्रिकेटमध्ये ती कशाने गेली?

माझ्या मते ती षटके मोजल्याने गेली. हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. कसोटी सामन्यात जो संघ शेवटी क्षेत्ररक्षण करतो, त्याच्या धावा कितीही अधिक असोत, तेवढ्याने तो जिंकत नाही. समोरच्या संघाचा एकेक गडी त्याला बाद करावा लागतो. शेवटचा गडी उभा असताना वेळ संपली, तर तीनशे धावांची आघाडी असूनही सामना अनिर्णित राहतो. वकिलाच्या भाषेत बोलावयाचे तर हा फौजदारी खटला आहे. जो विजयाचा दावा करतो, सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची. ती त्याने मुदतीत पार पाडली नाही, तर आरोपी निर्दोष ठरला असे कोणी म्हणत नाही, पण त्याला शिक्षाही होत नाही. मर्यादित षटकांचा सामना हा याच्या उलट, दिवाणी दाव्यासारखा आहे. तेथे कोणाला बाद करण्याची सक्ती नाही. दोन्ही बाजूंच्या धावा तराजूत घालावयाच्या आणि ज्याचे पारडे तसूभर जड त्याच्या बाजूने हुकूमनामा द्यावयाचा. आठ गडी शाबूत असतानाही संघ हरतो. त्याला कोणी हरविलेले नसते. तो कमी भरलेला असतो.

हा भेद ज्याला कळला नाही, किंवा कळूनही मान्य झाला नाही, असा एक प्रसिद्ध दाखला आहे. ७ जून १९७५ रोजी लॉर्ड्सवर पहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस होता. इंग्लंडने ६० षटकांत ४ बाद ३३४ धावा केल्या. भारताच्या बाजूने सुनील गावसकर सलामीला आले आणि पूर्ण ६० षटके खेळून, १७४ चेंडूंत ३६ धावा करून, नाबाद परतले. भारताच्या ३ बाद १३२ झाल्या आणि २०२ धावांनी पराभव झाला. त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली, आणि ती अन्यायाची होती असे मी म्हणणार नाही. प्रेक्षकांनी पैसे मोजले होते. पण एका न्यायालयाची रीत दुसऱ्या न्यायालयात चालविल्याने काय होते याचा याहून बोलका नमुना मला माहीत नाही. त्याच तंत्राने, त्याच धीराने, त्याच माणसाने कसोटीत देशाची अब्रू किती वेळा राखली होती. तेथे ज्याला आपण गुण म्हणत होतो, तो येथे जवळजवळ अपराध ठरला. गुण बदलला नव्हता. त्याला ज्या कायद्याचे संरक्षण होते तो कायदा बदलला होता.

येथे नीतीचा प्रश्न सुरू होतो. जो जिंकू शकला नाही, पण ज्याला हरविताही आले नाही, त्याला आपण काय म्हणावयाचे? त्याच्या तग धरण्याला स्वतंत्र मोल आहे, की ती निव्वळ लांबणीवर टाकलेली हार आहे?

मराठी भाषेने या प्रश्नाचे उत्तर आपल्यापुरते पूर्वीच देऊन ठेवले आहे. १६६० साली बाजीप्रभूंनी घोडखिंडीत शत्रूला थोपवून धरले ते शत्रूचा नायनाट करण्यासाठी नव्हे. महाराज विशाळगडावर पोचेपर्यंतचा वेळ त्यांना हवा होता. त्या प्रसंगापासून 'खिंड लढविणे' हा वाक्प्रचार आपण घरच्या आजारपणापासून कचेरीतल्या कज्ज्यापर्यंत सगळीकडे वापरतो, आणि तो वापरताना जिंकण्याची अट कधी घालीत नाही.

क्रिकेटमधली खिंड लढविणारी माणसे आठवू लागलो की पहिले नाव विजय हजारे यांचे येते. जन्माने सांगलीचे, कर्तृत्वाने बडोद्याचे. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथे ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचला. हजारे यांनी पहिल्या डावात ११६ व फॉलोऑननंतर दुसऱ्या डावात १४५ धावा केल्या, आणि भारत तरीही एक डाव व १६ धावांनी हरला. निकालाच्या रकान्यात या दोन शतकांची किंमत शून्य. तरी ती इतकी वर्षे आठवली जातात याचे कारण काय? त्या दोन डावांत जिंकण्याची आशा नव्हती. न हरण्याची होती, आणि ती आशा बाळगण्यास खेळाच्या नियमांनी त्यांना मुभा दिली होती. याच हजारे यांनी १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात, बडोद्यातच, होळकर संघाविरुद्ध गुल महंमद यांच्यासह चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. कोणत्याही गड्यासाठी एवढी मोठी भागी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये २००६ पर्यंत दुसरी झाली नाही. इंदूरच्या आमच्या स्नेह्यांना ती आठवण रुचणार नाही, म्हणून त्यांच्यासाठी दुसरी देतो. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईने होळकर संघापुढे ८६७ धावांचे लक्ष्य ठेवले होते. कर्नल सी. के. नायडू यांच्या संघाने चौथ्या डावात ४९२ धावा केल्या, मुश्ताक अली यांनी सामन्यातले आपले दुसरे शतक काढले आणि डेनिस कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिला.

मात्र त्या काळी रणजीचा अंतिम सामना निकाल लागेपर्यंत खेळविला जाई. म्हणजे होळकर संघाला अनिर्णिताची आशा नव्हती. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे एक गैरसमज दूर होतो. काळ भरपूर दिला की बचावाला मान मिळतो असे नाही. अमर्याद काळाचा प्रयोगही क्रिकेटने करून पाहिला आहे. दक्षिण आफ्रिका व इंग्लंड यांच्यातला दरबान येथील कसोटी सामना ३ मार्च १९३९ रोजी सुरू झाला. मुदत नव्हती, एक पक्ष जिंकेतो खेळावयाचे असा करार होता. १४ मार्चपर्यंत तो चालला. ६९६ धावांचे लक्ष्य असताना इंग्लंडच्या ५ बाद ६५४ झाल्या, पाऊस आला, आणि पाहुण्यांना केप टाऊनची बोट गाठावयाची होती म्हणून तो सामना अनिर्णित म्हणून सोडून द्यावा लागला. निकालासाठी जन्मलेल्या सामन्याला निकालच लागला नाही. आता पहा, कालमर्यादा नसलेला तो सामना आणि वीस षटकांचा आजचा सामना वरवर दोन ध्रुवांवर उभे दिसतात. हेतू मात्र दोहोंचा एकच: काहीही करून निकाल. एक तो काळ अनंत करून मिळवू पाहतो, दुसरा काळ कापून. पाच दिवसांचा सामना या दोहोंच्या मध्ये आहे. त्याला मुदत आहे, आणि ती मुदत दुबळ्याच्या कामी येते.

याचा अलीकडचा उत्तम दाखला ११ जानेवारी २०२१ चा, सिडनीचा. भारतापुढे ४०७ धावांचे लक्ष्य होते. ऋषभ पंत ९७ व चेतेश्वर पुजारा ७७ धावा करून परतल्यावर मांडीचा स्नायू दुखावलेला हनुमा विहारी आणि पाठीच्या वेदनांनी वाकलेला रविचंद्रन अश्विन हे दोघे उभे राहिले ते अखेरपर्यंत. विहारीने १६१ चेंडूंत २३ धावा केल्या, अश्विनने १२८ चेंडूंत ३९. वीस षटकांच्या डावात मुळी चेंडूच १२० असतात. भारत ५ बाद ३३४, सामना अनिर्णित, आणि त्या दिवशी देशभर लोकांनी जो आनंद केला तो विजयाच्या आनंदाहून कमी नव्हता. आठ दिवसांनी ब्रिस्बेन येथे भारत जिंकला, मालिकाही जिंकली. तेथे पुजारा यांनी अंगावर चेंडू झेलीत २११ चेंडूंत ५६ धावा केल्या. पुढच्याच महिन्यात झालेल्या लीगच्या लिलावात त्यांना पायाच्या किमतीवर, ५० लाखांना, एका संघाने घेतले. आणि त्या हंगामात ते एकही सामना खेळले नाहीत. यात कोणी अन्याय केला असे नाही. ज्या बाजारात बचाव विकला जात नाही तेथे बचाव करणाऱ्याला भाव कोण देणार?

योगायोग असा की सिडनीचा तो दिवस राहुल द्रविड यांचा वाढदिवस होता. इंदूरच्या मराठी घरात १९७३ साली जन्मलेले, कर्नाटकातून खेळलेले द्रविड कसोटीत ३१,२५८ चेंडू खेळले. इतके चेंडू दुसऱ्या कोणी खेळलेले नाहीत. २००१ साली कोलकात्यात फॉलोऑननंतर ते व हैदराबादचे लक्ष्मण यांनी चौथा सबंध दिवस एकही गडी न गमावता खेळून काढला. तेव्हा आधी हार टळली आणि मग पाचव्या दिवशी विजय हाती आला. हेच द्रविड २०२४ साली वीस षटकांचा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचे प्रशिक्षक होते. तेव्हा दोन्ही तटांना त्यांच्या नावाची शपथ घेता येईल.

यावर नव्या तटाचा एक आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो खोडून काढणे सोपे नाही. ते म्हणतील, न हरण्याचा हक्क हा दुबळ्याचा आसरा असतो तसा भित्र्याचाही असतो. हे खरे आहे. १९६०-६१ ची भारत-पाकिस्तान मालिका पाच सामन्यांची, पाचही अनिर्णित. १९६३-६४ ची भारत-इंग्लंड मालिका पाच सामन्यांची. तेही पाचही अनिर्णित. त्यातल्या मद्रासच्या सामन्यात नाशिकचे बापू नाडकर्णी यांनी ओळीने २१ निर्धाव षटके टाकली. ३२ षटकांत २७ निर्धाव, ५ धावा, बळी एकही नाही. नाडकर्णींच्या अचूकपणाला माझा नमस्कार आहे. पण दोन्ही बाजू हरण्याच्या भयाने जिंकण्याचा विचारच सोडून देतात तेव्हा प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे परत मागितले तर त्याला नावे ठेवता येत नाहीत. आमच्या व्यवसायातही तारखांवर तारखा मागणारे प्रतिवादी आहेत, आणि त्यांच्यापायी म्हातारी झालेली अशिले आहेत. विलंबाचे उदात्तीकरण करणाऱ्या वकिलाने एकदा त्या अशिलांच्या रांगेत बसून पाहावे.

परंतु हक्काचा दुरुपयोग होतो म्हणून हक्कच रद्द करावयाचा काय, हा त्यानंतरचा प्रश्न. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३७ व्या आदेशात संक्षिप्त दाव्याची तरतूद आहे. हुंडी, वचनचिठ्ठी यांसारख्या लेखी व्यवहारांतले हे दावे. त्यांत प्रतिवादीला बचाव करण्याचा जन्मसिद्ध अधिकार नसतो. बचावाची परवानगी न्यायालयाकडे मागावी लागते, आणि ती का द्यावी याचे कारण दाखवावे लागते. पैशाच्या स्पष्ट देण्याघेण्यात ही तरतूद योग्यच आहे. ती नसती तर व्यापार चालला नसता. पण सगळेच दावे संक्षिप्त करावेत, असे आजवर कोणी सुचविलेले नाही. वीस षटकांचा फलंदाज हा असाच परवानगी मागणारा प्रतिवादी आहे. दोन चेंडू त्याने रोखले तर प्रेक्षागारातून विचारणा होते, का? ते एका प्रकारच्या खेळापुरते ठीक आहे. मला भीती वाटते ती ही की, एका न्यायालयाची सवय जडलेला प्रेक्षक दुसऱ्या न्यायालयातही तीच विचारणा करू लागेल. आणि विहारीसारखा फलंदाज पुन्हा उभा राहील त्या दिवशी त्याला पाहणारे कोणी उरले नसेल.

निकालाचा हट्ट किती लांब जातो हे १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर दिसले. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंड व इंग्लंड या दोघांच्याही २४१ धावा झाल्या. जादा षटक खेळविले. त्यातही दोघांच्या १५. न्यायाने पाहिले तर दोघेही हरले नव्हते. पण करंडक एक होता. तेव्हा कोणी अधिक चौकार-षटकार मारले ते मोजले, आणि इंग्लंडच्या २६ विरुद्ध न्यूझीलंडच्या १७ अशा हिशेबाने इंग्लंडला जगज्जेते ठरविले. नियम आधीपासून लिहिलेला होता आणि दोघांनाही तो बंधनकारक होता, म्हणून बेकायदा काही झाले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने तो नियम काढून टाकला. आता बाद फेरीत निकाल लागेपर्यंत जादा षटकेच खेळवावयाची. करंडक दोघांत वाटून द्यावा, हा साधा विचार कोणा नियमकर्त्याला पटला नाही. दोन माणसे समान ठरली हासुद्धा एक निकाल असू शकतो, हे आपल्याला इतके जड का जाते?

आणखी एका बाजूचा विचार या वादात फारसा होत नाही. स्त्रियांच्या क्रिकेटला प्रेक्षक, पैसा आणि नाव हे सारे मर्यादित षटकांनीच मिळवून दिले. २०२३ पासून त्यांची स्वतःची लीग सुरू झाली, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला तेव्हा मैदान तुडुंब भरले होते. कसोटीच त्यांनी खेळावी असा उपदेश करणाऱ्याने आधी ते मैदान आठवावे. तरीही जून २०२१ मध्ये ब्रिस्टल येथे भारतीय स्त्रियांचा संघ जवळजवळ सात वर्षांच्या खंडानंतर कसोटी खेळावयास उतरला, त्या सामन्याची नोंद येथे केल्यावाचून राहवत नाही. चार दिवसांचा सामना, इंग्लंडच्या ९ बाद ३९६, भारतावर फॉलोऑन. दुसऱ्या डावात आठ गडी बाद झाल्यावर स्नेह राणा, जिचा तो पहिलाच कसोटी सामना होता, आणि यष्टिरक्षक तानिया भाटिया यांनी अभंग १०४ धावांची भागी करून सामना वाचविला. राणा नाबाद ८०, भाटिया नाबाद ४४. वर्षानुवर्षे न मिळालेला हक्क हातात पडताच त्यांनी तो असा बजावला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात कॅरारा येथे स्मृती मानधना हिने १२७ धावा केल्या. तोही सामना अनिर्णित राहिला. ती हजारे यांच्या सांगलीत वाढलेली. तिची पहिली कसोटी २०१४ सालची. तेव्हापासून तिच्या वाट्याला आलेले कसोटी सामने दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतात.